कोऱ्या काँपोझिट हॉकी स्टिकवर ग्राफिक्स कशी चढवावीत: नव्याने या कामात उतरणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातील क्लबाने मुलांसाठी स्वतःच्या नावाच्या स्टिक करून घ्यायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले, कारण मी व्यवसायाने वेष्टने आणि लेबले यांचे डिझाइन करतो आणि क्लबात बरीच वर्षे फुलबॅक म्हणून खेळलो आहे. एवढी पात्रता पुरेशी आहे असा माझाही समज होता. जालंधरच्या एका कारखान्यातून ६० स्टिक आल्या, पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्यांचे फोटो काढले, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्या स्टिकवरून नावाची एक-दोन अक्षरे गळून गेली. एका मुलाने सुटलेला तुकडा वहीच्या पानात जपून आणला होता. तो उलटा करून पाहिला, तर अक्षराच्या पाठीला खालचा प्रायमरही, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थरही, तसाच्या तसा चिकटून आला होता आणि प्रायमरची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. छपाईत काहीच चुकले नव्हते. रंगानेच स्टिक धरलेली नव्हती.

त्यानंतर मी दोनदा जालंधरला जाऊन फिनिशिंगचे काम जवळून पाहिले, दहा-बारा स्टिक घरी स्वतः रंगवून बिघडवल्या, आणि दुसरी खेप नीट करून घेतली. पुढे जे लिहिले आहे ते मैदानी हॉकीच्या स्टिकविषयी आहे. बर्फावरच्या हॉकीच्या काँपोझिट स्टिकलाही याच पद्धती लागू पडतात, फक्त तिचा दांडा चौकोनी असल्याने सपाट बाजू मिळतात आणि डिझायनरचे निम्मे हाल वाचतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: कारखान्याकडून आपल्या नावाच्या स्टिक करून घेऊ पाहणारे, आणि एक-दोन कोऱ्या स्टिकवर स्वतःच्या हाताने डिकल, म्हणजे छापलेल्या चित्राचा पातळ पापुद्रा, लावून पाहणारे. कारखान्याकडून करून घेणाऱ्यांनीही हाताने करायच्या पायऱ्या वाचाव्यात, कारण तुम्हाला काय विचारायचे हे माहीत नसेल तर समोरचा आपणहून सांगेलच असे नाही.

सुरुवातीला जवळ काय असावे

कागदपत्रांमध्ये चार गोष्टी हव्यात. पहिली, व्हेक्टर स्वरूपातील मूळ फाइल, जिच्यात सर्व अक्षरे आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांमध्ये, बदललेली असतील. दुसरी, प्रत्येक रंगाचा पँटोन क्रमांक, म्हणजे छपाईच्या रंगांच्या प्रमाणित पुस्तिकेतला क्रमांक. तिसरी, स्टिकवरच्या जागा मिलिमीटरमध्ये दाखवणारा नकाशा. चौथी, विक्रीचा विचार असेल तर बोधचिन्हाच्या ट्रेडमार्क अर्जाची प्रत. खेळाचे साहित्य ट्रेडमार्कच्या वर्ग २८ मध्ये येते. एका व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गासाठी सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,००० रुपये. दुसऱ्या ब्रँडच्या चिन्हाशी साम्य असलेली आकृती काही छपाईवाले मुकाट्याने छापून देतात, पण नंतरची जबाबदारी तुमचीच असते.

हत्यारांमध्ये २४०, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड, मास्किंग टेप, बटर पेपर, कोमट पाण्याचा पसरट ट्रे, मऊ रबराची पट्टी, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि रसायनांच्या वाफा अडवणारा काडतुसाचा मास्क एवढे लागते. साधा कापडी मास्क या कामात निरुपयोगी आहे. त्याचे कारण क्लिअर कोटच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पारदर्शक थराच्या, पायरीत येईल.

१. स्टिकवर कोणते थर असतात ते आधी समजून घ्या

काँपोझिट स्टिक ही कार्बन, काच आणि काही वेळा अरामिड या तंतूंचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये बांधून, तापलेल्या साच्यात दाब देऊन तयार करतात. साच्यातून ती सहज निघावी म्हणून साच्याला आतून मेण किंवा सिलिकॉनसारखे सुटे करणारे द्रव्य लावलेले असते. बाहेर निघालेल्या स्टिकवर त्या द्रव्याचा न दिसणारा पातळ थर असतो, दोन्ही कडांना साच्याच्या जोडाची रेघ असते, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रे असतात. कडा तासणे, पुट्टीने छिद्रे भरणे, घासणे, प्रायमर, मूळ रंग, ग्राफिक्स, क्लिअर कोट आणि शेवटी ग्रिप असा पुढचा क्रम असतो.

या सगळ्या थरांत तुमचे डिझाइन ज्याच्यावर आहे तो थर सर्वांत पातळ आणि सर्वांत दुबळा असतो. छापलेले डिकल माणसाच्या केसाहूनही पातळ असते आणि त्याला स्वतःची अशी काहीच ताकद नसते. खालचा प्रायमर त्याला धरतो आणि वरचा क्लिअर त्याला झाकतो. म्हणूनच स्टिकच्या ग्राफिक्सला मी आता छपाईचे काम मानत नाही. ते रंगाऱ्याचे काम आहे, ज्याच्या मधल्या एका थरात छपाई असते. कारखान्याशी बोलताना पहिले तीन प्रश्न डिझाइनविषयी विचारण्याऐवजी घासणे, प्रायमर आणि क्लिअर यांविषयी विचारलेत, तर समोरच्या माणसाचा सूर बदललेला तुम्हाला लगेच जाणवेल.

२. नियमांची चौकट डोळ्यांसमोर ठेवा

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार स्टिकची लांबी १०५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, वजन ७३७ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, आणि वरून चढवलेल्या आवरणांसह ती ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार व्हावी. बो, म्हणजे दांड्याचा बाक, २५ मिलिमीटरपर्यंतच चालतो. शिवाय पृष्ठभाग गुळगुळीत हवा. कुठेही खरखरीत किंवा धारदार भाग नको.

रंगकामाचा लांबीशी संबंध नाही, पण उरलेल्या गोष्टींशी आहे. सुटलेल्या क्लिअरचे कडक पापुद्रे हाताला आणि दुसऱ्याच्या नडगीला लागतात, आणि पंच अशी स्टिक बाहेर ठेवायला सांगू शकतो. वजनाचा हिशेब घरी करता येतो. पूर्ण स्टिकचा पृष्ठभाग साधारण एक दशांश चौरस मीटर भरतो. त्यावर १०० मायक्रॉन जाडीचा रंग आणि क्लिअर चढवला तर सुमारे १० घन सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १२ ग्रॅम वजन वाढते. साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासच्या स्टिकला हे फार वाटत नाही, परंतु कारागिराने हेडजवळ, म्हणजे स्टिकच्या खालच्या वळलेल्या टोकाजवळ, दोन हात जास्त मारले तर तेच वजन टोकाला जाऊन बसते आणि खेळाडूला स्टिक जड वाटू लागते. कोरी स्टिक आणि पूर्ण झालेली स्टिक, दोन्हींचे वजन लिहून ठेवायची सवय लावा.

३. पद्धत निवडा

पाण्यातून सरकवून लावायचे डिकल ही या कामात सर्वांत रुळलेली पद्धत आहे. डिंकाचा थर दिलेल्या कागदावर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून दाबून, शाई चढवतात, त्यावर पारदर्शक लॅकरचा पापुद्रा देतात. कागद पाण्यात भिजवला की डिंक विरघळतो आणि पापुद्रा शाईसकट सरकून स्टिकवर येतो. वाकलेल्या पृष्ठभागावर तो छान बसतो आणि बोटाने हलवून जागेवर आणता येतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेने उतरवायच्या फिल्ममध्ये प्लास्टिकच्या पट्टीवरची छपाई तापलेल्या रबरी रोलरने दाबून स्टिकवर चढवतात. काम वेगाने होते आणि वाळवण्याची वाट पाहावी लागत नाही, परंतु यंत्र, जिग आणि तापमानावरचा ताबा हे सगळे कारखान्यातच शक्य आहे. इपॉक्सीदेखील एका मर्यादेपलीकडे तापले की मऊ पडते, त्यामुळे घरी इस्त्रीने हा प्रयोग करू नये. मी केला होता. ती स्टिक आता दाराला अडसर म्हणून कामाला येते.

लहान चिन्हे, म्हणजे मॉडेलचे नाव, बो दाखवणारी आकृती, लांबीचा आकडा, यांसाठी पॅड प्रिंटिंग उत्तम. कोरलेल्या पत्र्यातली शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि गोलाईवर ठेवतो. पूर्ण स्टिकभर कॅमोफ्लाजसारखी नक्षी हवी असेल तर पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्ममध्ये स्टिक बुडवण्याची पद्धत आहे, पण तिच्यात नक्षी नेमकी कुठे येईल यावर ताबा राहत नाही, म्हणून नाव किंवा बोधचिन्ह तिच्यावर सोपवू नये. व्हिनाइलचा स्टिकर ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर पश्चात्ताप देणारी निवड आहे; त्याच्या कडा ओल्या टर्फवर उचलतात आणि त्याच्या जाडीमुळे क्लिअरखाली पायरी दिसत राहते.

येथे एक सापळा आहे, ज्यात डिझायनर मंडळी हमखास अडकतात. डिकलमध्ये चित्र सुलटे छापतात आणि पांढरा थर आधी, रंग नंतर असा क्रम असतो. उष्णतेच्या फिल्ममध्ये सगळेच उलटे असते: चित्र आरशातले, रंग आधी, पांढरा नंतर आणि चिकट थर अखेरीस. मधेच पद्धत बदलली आणि फाइल तीच पाठवली, तर काळ्या स्टिकवर मळकट, उलटी अक्षरे मिळतात. फाइलच्या नावातच पद्धत लिहा.

४. स्टिकचा कागदी साचा काढा

स्टिकचा दांडा ना गोल असतो ना चौकोनी. खेळायची बाजू सपाट, पाठ फुगीर, वर मुठीकडे जवळजवळ गोल आणि खाली हेडकडे रुंद होत जाणारा असा तो आकार आहे, आणि त्यात बाकही असतो. संगणकावर काढलेला सरळ आयत त्यावर गुंडाळला की एका कडेला सुरकुती आणि दुसऱ्या कडेला तिरकी रेघ ठरलेली.

म्हणून आधी प्रत्यक्ष स्टिकवर बटर पेपर घट्ट गुंडाळा, मास्किंग टेपने धरा, सपाट बाजूच्या दोन्ही कडा पेन्सिलने काढून घ्या, मुठीच्या टोकापासून दर ५० मिलिमीटरला आडवी रेघ मारा आणि मग पाठीच्या मधोमध कागद कापून उलगडा. जो वाकडातिकडा आकार मिळेल तो मोजपट्टीसह स्कॅन करा. तोच तुमचा कॅनव्हास. साडेछत्तीस आणि साडेसदतीस इंची स्टिकसाठी वेगळे साचे काढावेत, आणि बो बदलला तरीही. एकाच साच्यावर सगळ्या मापांची कामे उरकण्याचा मोह कारखान्यालाही होतो.

ग्रिप कुठपर्यंत येते तिथे जाड रेघ ओढा आणि तिच्या खाली किमान २० मिलिमीटर मोकळे सोडा, कारण ग्रिपचे शेवटचे वेढे आणि त्यावरची टेप दर वेळी थोडी खालीवर होते. आमच्या पहिल्या खेपेत क्लबाच्या स्थापनेचे वर्ष ग्रिपखाली गेले होते.

५. कुठे काय छापायचे ते ठरवा आणि फाइल तयार करा

नियमाने चेंडू स्टिकच्या पाठीने खेळता येत नाही. त्यामुळे फुगीर पाठीचा वरचा आणि मधला भाग ही ग्राफिक्ससाठी सर्वांत सुरक्षित जागा आहे, आणि मुख्य नाव तिथेच हवे. सपाट बाजूचा खालचा भाग चेंडू घेतो, तर दोन्ही कडा रिव्हर्स हिट आणि जमिनीलगतचे टॅकल सोसतात. टर्फवर त्या अक्षरशः सॅंडपेपरवर घासल्यासारख्या झिजतात. तिथे बारीक अक्षरे किंवा बोधचिन्ह न ठेवता सपाट गडद रंग ठेवावा, म्हणजे झीज डोळ्यांत भरत नाही. डिकलची जोडरेघही कडेवर आणू नये. पूर्ण वेढा द्यायचाच असेल तर जोड पाठीच्या मध्यरेषेवर घ्यावा आणि १ ते २ मिलिमीटर एकावर एक चढेल इतकी वाढ ठेवावी.

अक्षरे कोणत्या दिशेने वाचली जावीत हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो आधी सोडवा. खेळाडूच्या हातात हेड खाली असते, दुकानात मात्र अनेकदा स्टिक हेड वर करून लावलेल्या असतात. मी मैदानाच्या बाजूने कौल देतो: मुठीकडून हेडकडे वाचले जाणारे नाव. दुकानदाराची मान थोडी वाकडी झाली तर चालेल.

फाइलमध्ये रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे चार शाईंच्या मिश्रणात, न ठेवता पँटोनच्या कोटेड पुस्तिकेतून निवडा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागतो, म्हणून प्रत्येक वाढीव रंगाचा खर्च वेगळा मोजला जातो. छोट्या खेपेत पांढरा धरून तीन रंग पुरेसे आहेत. काळ्या किंवा उघड्या कार्बनवर लाल, पिवळा, भगवा हे रंग थेट छापले तर विझल्यासारखे दिसतात. त्यांच्याखाली पांढरा थर हवाच, आणि तो वरच्या रंगापेक्षा सर्व बाजूंनी ०.२ मिलिमीटर आत घ्यावा, नाहीतर रंगाच्या कडेने पांढरी किनार डोकावते. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नका. देवनागरी अक्षरे छापणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी: वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांतील फटी शाईने भरून जातात, म्हणून फटी मुद्दाम मोकळ्या करून घ्याव्यात, आणि फॉन्ट आउटलाइनमध्ये बदलल्याशिवाय फाइल परगावी पाठवू नये. एकदा नमुन्याच्या कागदावर क्लबाच्या नावातली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला गेलेली मी पाहिली आहे. तिथे मराठी वाचणारे कोणी नव्हते, त्यामुळे त्यात चूक आहे हे कोणाला कळण्याचे कारणच नव्हते.

६. पृष्ठभाग तयार करा

सगळ्या लेखातील हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि माझ्या ६० स्टिक इथेच वाया गेल्या.

आधी पुसणे, मग घासणे. हा क्रम उलटा झाला तर साच्याचे मेण कागदाच्या ओरखड्यांत रगडले जाते आणि मग ते निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओले केलेले कापड एका दिशेने फिरवा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा, आणि प्रत्येक हातासाठी कापडाची नवी घडी घ्या. तेच कापड पुढेमागे फिरवले तर मेण फक्त पसरते. त्यानंतर २४० नंबरच्या कागदाने सगळी चकाकी जाईपर्यंत घासा. चकाकी गेली पाहिजे, तंतू मात्र उघडे पडता कामा नयेत. काळी भुकटी निघू लागली की कार्बनपर्यंत पोहोचलात असे समजा आणि थांबा. ही भुकटी आणि काचेचे कण फुप्फुसांना आणि त्वचेला त्रास देतात, म्हणून पाणी लावून घासावे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.

आता पाण्याची परीक्षा करा. स्टिकवर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा अखंड पडदा काही क्षण टिकला तर पृष्ठभाग तयार आहे. पाणी आळूच्या पानावरच्यासारखे थेंबाथेंबाने गोळा झाले तर मेण अजून शिल्लक आहे आणि पहिल्यापासून पुसावे लागेल. या परीक्षेला अर्धा मिनिट लागतो. कारखान्यात गेल्यावर मी सर्वप्रथम पाण्याची बाटली काढतो; पहिल्या वेळी तिथल्या फोरमनला ते विनोदी वाटले होते, दुसऱ्या वेळी त्याने स्वतःच पाण्याचा मग भरून आणला.

छिद्रे पुट्टीने भरून, ४०० नंबरने सपाट करून मग प्रायमर द्या. प्रायमरनंतर छिद्रे अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून पुट्टीचा दुसरा हात बहुधा लागतोच. मूळ रंग वाळल्यावर तो ६०० किंवा ८०० नंबरच्या ओल्या कागदाने अगदी हलका करा. काहींना कार्बनचे विणकाम दिसणारी, बिनरंगाची स्टिक आवडते. ती सुंदर दिसते, पण तिच्यावर पुट्टी आणि प्रायमर झाकायला येत नसल्याने प्रत्येक छिद्र क्लिअरनेच भरावे लागते. पहिल्या प्रयत्नात तिच्या वाटेला जाऊ नये.

७. डिकल लावा

डिकलचे कागद सपाट, कोरड्या जागी ठेवलेले असावेत. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा शोषून वळतात. आकृतीच्या कडेने १ मिलिमीटर सोडून कापा. कोमट पाण्यात तुकडा अर्धा ते एक मिनिट भिजवा, बाहेर काढून सपाट ठेवा आणि अंगठ्याने हलकेच सरकवून पाहा. सरकत नसेल तर ओढू नका, पुन्हा भिजवा. पाण्यातच पापुद्रा सुटू दिला तर तो गुंडाळला जातो आणि डिंकही वाहून जातो.

स्टिकवर पाण्याचे चार थेंब पसरा, कागदासकट डिकल जागेवर धरा आणि डिकल ओढण्याऐवजी त्याच्याखालचा कागद ओढून घ्या. जागा मास्किंग टेपच्या खुणांशी जुळवा. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने मऊ रबरी पट्टीने पाणी काढा. बुडबुडा राहिला तर बारीक सुईने टोचून पुन्हा पट्टी फिरवा. कडेला सांडलेला डिंक ओल्या कापडाने पुसून टाका. तो राहिला तर क्लिअरखाली पिवळसर डाग म्हणून कायमचा दिसतो.

आता थांबा. हे थांबणेच लोकांना जमत नाही. डिकलखालचे पाणी पूर्ण सुकायला खोलीच्या तापमानाला किमान १२ तास आणि पुण्याच्या जुलैत पूर्ण २४ तास द्यावे लागतात. वरून कोरडे दिसले म्हणून क्लिअर मारला तर अडकलेला ओलावा पुढे फोड आणतो किंवा डिकलवर दुधी छटा आणतो.

घरच्या प्रिंटरवर डिकल छापणाऱ्यांसाठी दोन सूचना. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, म्हणून भिजवण्याआधी छपाईवर पारदर्शक लॅकरचा फवारा मारून वाळवावा लागतो. शिवाय घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे असे डिकल पांढऱ्या किंवा अगदी फिक्या रंगाच्या स्टिकवरच दिसते.

८. क्लिअर कोट द्या

स्टिकवर सामान्यतः दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअर वापरतात, तोच जो गाड्यांवर मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते; त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. घराच्या गच्चीवर, मुले आसपास असताना हे काम करू नका. खरे तर एक-दोन स्टिक असतील तर त्या जवळच्या गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये न्याव्यात. त्यांच्याकडे गन, बूथ, योग्य मास्क आणि सवयीचा हात, सगळे असते, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीच्या क्लिअरबरोबर तुमचेही काम होऊन जाते. मी आता हेच करतो.

गॅरेजवाल्याला मात्र एक गोष्ट बजावून सांगा: पहिला हात अगदी कोरडा, धुक्यासारखा हवा. त्याला बॉनेटवर भरपूर ओला हात मारायची सवय असते, आणि तसा हात डिकलवर पडला की थिनर शाईत शिरून अक्षरे सुरकुततात. हलका हात देऊन तो चिकटसर होऊ द्यावा आणि मग दोन पूर्ण हात द्यावेत. डिकलची कड बोटाला जाणवत असेल तर क्लिअर पूर्ण वाळल्यावर ८०० नंबरच्या ओल्या कागदाने ती सपाट करून शेवटचा हात मारावा. घासताना रंगीत पाणी दिसले तर क्लिअर संपून शाई लागली आहे, हे लक्षात घ्या. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेलेच घ्या. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर क्लिअर ठिसूळ होतो आणि पहिल्या जोराच्या फटक्याला तडकतो.

हवामानाचाही विचार ठेवा. हार्डनरची ओलाव्याशी प्रक्रिया होऊन बुडबुडे येतात, म्हणून कोसळत्या पावसात काम पुढे ढकलावे; कॉम्प्रेसरच्या नळीतले पाणीही रोज काढावे. जालंधरला डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उलटी अडचण असते: थंडीमुळे क्लिअर पिकायला वेळ लागतो, आणि तापवण्याची खोली नसलेल्या कारखान्यातून घाईने निघालेल्या स्टिकवर प्लास्टिकच्या पिशवीचे ठसे उमटलेले येतात. ६० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास तापवले तर स्टिक हाताळण्याजोगी होते, परंतु पूर्ण कडकपणा यायला साधारण आठवडा लागतो. तोवर ती चेंडूपासून दूर ठेवा.

९. नमुना तपासा आणि मगच पुढची खेप सांगा

कारखान्याला ऑर्डर देण्याआधी एक पूर्ण झालेली स्टिक मागवा आणि तिचा बळी द्या. एका ठिकाणी धारदार ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, म्हणजे २५ चौकोन होतील. त्यावर चिकट टेप दाबून झटक्याने ओढा. कडांना किंचित टवके उडाले तर चालते, पूर्ण चौकोन निघून आले तर खेप नाकारा. निघालेल्या चौकोनाची पाठ पाहायला विसरू नका. पाठीला प्रायमर असेल तर दोष घासण्यात आहे. पाठीला फक्त शाई असेल तर डिकल किंवा मूळ रंग यांचे जमले नाही. आणि नुसता क्लिअरच सुटला असेल तर दोन थरांमध्ये जास्त वेळ गेला आहे किंवा मधे तेलकट हात लागला आहे. हे माहीत असते तर पहिल्याच दिवशी मला साठ स्टिकचे भविष्य कळले असते.

मग तीच स्टिक २४ तास पाण्यात ठेवून टेपची परीक्षा पुन्हा करा, आणि नंतर ती एखाद्या ड्रॅग फ्लिकरच्या, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू दांड्यावरून ओढत फेकणाऱ्या खेळाडूच्या, हवाली करा. दांडा टर्फवर घासण्याची जितकी कसोटी तो दोन सत्रांत घेईल तितकी कोणतेही यंत्र घेणार नाही.

१०. कारखान्याला लेखी काय द्यावे

फाळणीनंतर, १९४७ साली, सियालकोटचे अनेक कारागीर जालंधरला आले आणि तिथे खेळसाहित्याचा धंदा उभा राहिला. जवळचे संसारपूर हे गाव तर हॉकीच्या ऑलिंपिकपटूंसाठीच ओळखले जाते. तुतीच्या लाकडापासून कार्बनपर्यंतचा प्रवास एकाच कुटुंबाने केलेला तिथे भेटतो. बस्ती नौच्या बाजारात हिंडलात तर लक्षात येईल की अनेक ठिकाणी स्टिक एकीकडे बनते, डिकल दुसरीकडे छापले जाते आणि फिनिशिंग तिसरीकडे होते. म्हणून दोष निघाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, आणि तोंडी बोलण्याला अर्थ उरत नाही.

ऑर्डरच्या कागदावर पुढील बाबी लिहून घ्या: स्टिकचे माप, बो आणि ग्रिपशिवायचे वजन, ग्राफिक्सची पद्धत, पँटोन क्रमांक, जागांचा नकाशा आणि ३ मिलिमीटरपर्यंतची सूट, प्रायमर आणि क्लिअरचे किती हात, टेपच्या परीक्षेत नापास झाल्यास काय करायचे, आणि आगाऊ रक्कम किती. नमुना मंजूर झाला की दोन स्टिकवर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तारीख घालून एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे ठेवा. रंगाविषयीचा वाद मोबाइलवरच्या फोटोंनी मिटत नाही, सहीच्या स्टिकने मिटतो. डिकलचे किमान १० टक्के जादा कागद छापून तुमच्या ताब्यात घ्या, कारण लावताना काही फाटतातच आणि पुन्हा छापताना तोच लाल मिळेल याची खात्री नसते.

११. ग्रिप आणि शेवटची मोजणी

ग्रिप आठवडाभराने, क्लिअर पूर्ण पिकल्यावरच चढवा. आधी चढवली तर तिच्या मागच्या चिकट पट्टीतील रसायन मऊ क्लिअरमध्ये उतरते आणि पुढे ग्रिप बदलताना रंगही सोलून येतो. ग्रिप झाल्यावर स्टिकचे वजन करा, कोऱ्या स्टिकच्या वजनाशी ताडून पाहा, आणि ५१ मिलिमीटरचे कडे हेडपासून मुठीपर्यंत सरकवा. कडे विकत मिळाले नाही तर कोणताही लेथवाला ते काढून देतो. आमचे ॲल्युमिनियमचे आहे आणि क्लबाच्या कपाटाच्या खिळ्याला टांगलेले असते.